कपाटातला गांजा आणि ‘घरचं औषध’

“डॉक्टर, बाहेरून कुठून तरी आणण्यापेक्षा घरातच एखादं रोप लावलं तर? निदान शुद्ध तरी मिळेल.” गेल्या चार-पाच वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. विचारणारे एका छापाचे नसतात. एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा असतो, त्याला झोप लागत नाही. कुणी कॅन्सरच्या रुग्णाची मुलगी असते, आईचं दुखणं तिला बघवत नाही. कुणी नुकतेच कॅनडातल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेले काका असतात. तिथे सुनेच्या बागेत हे झाड उघड उघड वाढताना त्यांनी पाहिलेलं असतं आणि गुडघ्यांसाठी त्याचं तेल काढता येईल का, असा त्यांचा विचार चालू असतो. मोबाइलवर व्हिडिओंची कमी नाही. एक जुनं कपाट, एक दिवा, एक छोटा पंखा, खर्च अगदी थोडा, असं सगळं सोपं करून दाखवलेलं असतं.

माझं मत आधीच सांगतो: करू नका. पण “बेकायदा आहे” एवढ्यावर तरुण मुलं थांबत नाहीत, आणि “गांजा म्हणजे विष” हे वाक्य खरंही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा लेख रोप कसं लावायचं यावर नाही. ते शोधत इथे आला असाल तरी थांबा आणि वाचा, कारण हे मुख्यतः तुमच्यासाठीच लिहिलं आहे.

‘स्वतःपुरतं एकच रोप’ म्हणजे काय

मी वकील नाही, त्यामुळे कायद्याबद्दल थोडक्यातच. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात गांजाच्या झाडाची लागवडच परवान्याशिवाय गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. रोप एक की पन्नास, शेतात की कुंडीत, विकायला की स्वतःला, असा भेद लागवडीच्या कलमात नाही. बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते, ती अशी: एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर कायदा त्याला ‘अल्प प्रमाण’ मानतो आणि शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. म्हणजे विक्रेत्याच्या नादी लागायचं नाही म्हणून ज्याने घरात रोप लावलं, त्याने कायद्याच्या दृष्टीने धोका कमी केलेला नाही, वाढवलेला आहे. शिवाय ज्या जागेत हे चाललं आहे ती ज्याच्या ताब्यात आहे, त्याने जाणूनबुजून होऊ दिलं असेल तर त्याच्यावरही कलम लागू शकतं. विशीतल्या मुलाच्या कपाटातलं रोप हा बहुधा वडिलांच्या नावावरच्या फ्लॅटमधला गुन्हा असतो.

एका कुंडीसाठी दहा वर्षं ही तरतूद मला स्वतःला अतिरेकी वाटते. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगानेही सरसकट बंदीच्या विरोधात मत दिलं होतं. पण मला काय वाटतं आणि पोलीस ठाण्यात काय होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग भांग कशी चालते? एनडीपीएसच्या व्याख्येत राळ म्हणजे चरस, आणि फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, एवढं येतं. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली भांगेवरही बंधनं आहेत. आणि पानांना सूट म्हणून झाड लावायला सूट, असा अर्थ होत नाही. उत्तराखंडात २०१८ पासून लागवडीचे परवाने देतात ते धाग्याच्या आणि बियांच्या पिकासाठी, ज्यात नशेचा घटक ०.३ टक्क्यांहून कमी लागतो. बाजारात मिळणाऱ्या हेम्पच्या बिया आणि त्यांचं तेल यांना अन्न म्हणून २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्यात नशा नसते आणि औषधही नसतं. जवसासारखं खायला हरकत नाही, फक्त किंमत जवसाच्या कितीतरी पट आहे.

कॅनडात २०१८ पासून घरटी चार रोपं आणि जर्मनीत २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन रोपं लावता येतात. पण ते कायदे त्या जमिनीवर. येताना बॅगेत चार कळ्या आणल्या तर विमानतळावर ती तस्करी ठरते. बँकॉकहून येणाऱ्या विमानांत दिव्याखाली वाढवलेला गांजा मुंबईत किती वेळा पकडला जातो, ते तुम्ही पेपरात वाचताच.

गोळीवर लिहिलेलं असतं, फुलावर नसतं

आता माझ्या विषयाकडे येतो. या झाडातला मुख्य नशेचा घटक म्हणजे टीएचसी. इस्राएलमध्ये रॅफेल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळा केला. पुढे कळलं, की आपल्या मेंदूत या रेणूसाठी कुलपं आहेत, कारण शरीर स्वतःच तशा किल्ल्या बनवतं. त्यातली पहिली किल्ली १९९२ मध्ये सापडली, तेव्हा तिला ‘आनंदामाइड’ हे नाव दिलं. आपल्या संस्कृत ‘आनंद’वरून. भूक, झोप, वेदना, भीती, आठवण या सगळ्यांत ही व्यवस्था बारीक प्रमाणात काम करते. गरज असेल तिथे थोडंसं आनंदामाइड तयार होतं आणि लगेच मोडून टाकलं जातं. बाहेरून घेतलेलं टीएचसी सगळी कुलपं एकदम उघडतं आणि बराच वेळ उघडी ठेवतं.

टीएचसीचं खरंखुरं औषध जगात आहे. ड्रोनॅबिनॉल नावाची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून आहे, केमोथेरपीच्या उलट्यांसाठी. नंतर ती एड्सच्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठीही वापरू लागले. भुकेसाठी सुरुवातीचा डोस किती, तर २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आता हिशोब करा. ज्या फुलात ५ टक्के टीएचसी आहे, त्याच्या एका ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम होतं. ज्यात २० टक्के आहे, त्यात २००. ओढताना त्यातलं बरंचसं जळून आणि हवेत उडून जातं, खाल्लं तर यकृत मोठा हिस्सा निकामी करतं, हे खरं. पण नेमकं किती आत गेलं ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही आणि रोप लावणाऱ्याला तर मुळीच नाही. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या फुलांतही प्रमाण वेगळं असतं.

“डॉक्टर, तुळशीचा काढा घेतो तेव्हा कुठे मिलिग्रॅम मोजतो?” असं एकाने मला विचारलं. प्रश्न चोख आहे. तुळशीची चार पानं जास्त झाली तर काही बिघडत नाही. धोतराची झाली तर बिघडतं. डिजिटालिस हे हृदयाचं औषधही एका फुलझाडातूनच आलं, पण ते झाड अंगणात लावून पानं चघळा, असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. वनस्पती नैसर्गिक आहे की नाही, यावर सुरक्षितता ठरत नाही. किती घेतल्यावर फायदा आणि किती घेतल्यावर त्रास, या दोन आकड्यांमध्ये अंतर किती, त्यावर ठरते.

शिवाय दिव्याखाली वाढवण्यासाठी जी बियाणी फिरतात, ती पिढ्यान्‌पिढ्या निवडत निवडत नशा वाढवलेली असतात. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. सीबीडी हा दुसरा घटक टीएचसीचा काही परिणाम सौम्य करत असावा असं मानलं जातं. तो मात्र याच काळात घटला. “आमचे आजोबा चिलीम ओढायचे, नव्वदीपर्यंत जगले,” हे मी ऐकतो. आजोबा जे ओढायचे, ते हे नव्हतं.

स्वस्त पडतं, हीच अडचण

घरच्या रोपाचं समर्थन करणारे नेहमी पैशांचा हिशोब मांडतात. विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणतात. पडत असेल. मला काळजी वाटते ती त्याचीच.

गांजाचं नुकसान ‘कधी घेतला होता का’ यावर फारसं ठरत नाही. ते किती वारंवार, किती तीव्र आणि कितव्या वर्षी सुरू केला, यावर ठरतं. ज्याला दर वेळी पैसे मोजावे लागतात, कुणाला तरी फोन करावा लागतो, थोडी भीती वाटते, त्याचा वापर आपोआप आटोक्यात राहतो. घरच्या पिकाने हे सगळे ब्रेक एकदम निघतात. पीक एकदम हाती येतं, डबा भरलेला असतो, फुकट असतं आणि कपाट पलंगापासून चार पावलांवर असतं. महिन्यातून दोनदा घेणारा रोज कधी घेऊ लागला, ते त्याचं त्यालाही कळत नाही. आंब्याची पेटी घरात आली की आपण रोज आंबा खातोच ना, तसंच हे.

आणि रोजचा वापर हाच खरा घातक पल्ला आहे. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या, म्हणजे भास होणं, संशय येणं, वास्तवाचं भान सुटणं अशी लक्षणं असलेल्या रुग्णांची तुलना त्याच भागातल्या इतर लोकांशी केली होती. रोज गांजा घेणाऱ्यांत ही शक्यता सुमारे तिप्पट आढळली. रोज आणि तोही १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. त्याआधी १९८७ साली स्वीडनमधल्या सुमारे ४५ हजार सैनिकभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला होता. पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं.

हे आकडे सांगून मला कुणाला घाबरवायचं नाही. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो, त्यामुळे अनेक पट झालं तरी बहुतेक घेणाऱ्यांना तो होत नाही. अशा अभ्यासांतून गांजाच एकटा कारण आहे, असंही सिद्ध होत नाही. पण घरात काका, मावशी, भाऊ, कुणालाही असा आजार झालेला असेल, तर तुमच्यासाठी गणित वेगळं आहे. तुमच्या बाबतीत ‘थोडासा गांजा’ असं काही नसतं. आणि वय वीस-बाविसच्या आत असेल तर मेंदूची जुळणी अजून चालू आहे. पहिल्यांदा घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण नऊ जणांना पुढे व्यसन लागतं. किशोरवयात सुरू करणाऱ्यांत हेच प्रमाण सहात एक होतं. ‘गांजाचं व्यसन लागत नाही’ हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर फार चालतं. ते चूक आहे.

रोज घेणाऱ्यांचा आणखी एक आजार आहे, जो आपल्याकडे लोकांना अजिबात माहीत नाही. सकाळी मळमळ, मग दिवसभर थांबता थांबत नाहीत अशा उलट्या, पोटात पिळवटणं. सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल. आठवडाभराने बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. एक विचित्र खूण असते: रुग्ण गरम पाण्याखाली तासन्‌तास उभा राहतो, कारण तेवढ्यानेच बरं वाटतं. २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं सविस्तर वर्णन केलं. गांजा उलट्या थांबवतो हे ऐकलेलं असल्यामुळे रुग्ण उलट्यांसाठी आणखी गांजा घेतो आणि चक्र चालू राहतं. उलट्या कायमच्या थांबवायच्या तर गांजा पूर्ण बंद करावा लागतो. तुमचा मुलगा उलट्यांनी हैराण असेल आणि घरचा गीझर बंदच होत नसेल, तर डॉक्टरांना ही गोष्ट जरूर सांगा.

बंद कपाट, लहान घर

मुंबईतलं वन-बीएचके डोळ्यासमोर आणा. त्यात आई-वडील, मुलगा, कदाचित आजी. त्यात एक बंद कपाट, ज्यात दिवा तासन्‌तास तापतो आहे, माती ओली आहे, पानांतून वाफ निघते आहे. पावसाळ्यात आपल्याकडे चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, मग इथे काय होत असेल? बुरशीचे बीजाणू कपाटाच्या दाराशी थांबत नाहीत. आजीचा दमा वाढतो आणि घरात कुणालाच कारण कळत नाही. वास लपवायला काही जण ओझोन सोडणारी यंत्रं लावतात. ओझोन श्वासनलिकेला जाळतो. एकाच प्लगवर जोडलेल्या तारा, पाणी आणि तापणारा दिवा यांबद्दल वेगळं सांगायला नको.

या झाडाचा एक गुण शेतीशास्त्रज्ञांना आवडतो: ते जमिनीतले जड धातू शोषून घेतं. चेर्नोबिलच्या दूषित जमिनीवरही म्हणूनच त्याचा प्रयोग झाला होता. तोच गुण तुम्ही ते ओढणार असाल तर दुर्गुण ठरतो. कुठल्या मातीत, कुठल्या खतात वाढलं त्याप्रमाणे कॅडमियम, शिसं त्यात येऊ शकतं. कीड पडली म्हणून नर्सरीतलं औषध फवारलं, तर ते खाण्याच्या भाजीसाठी तपासलेलं असतं, जाळून धूर छातीत घेण्यासाठी नाही. मायक्लोब्युटानिल नावाचं एक साधं बुरशीनाशक आहे. ते जळल्यावर हायड्रोजन सायनाइड तयार होतो. ‘शुद्ध तरी मिळेल’ या वाक्यातलं ‘शुद्ध’ तपासणार कोण? परदेशात औषधी गांजा विकणाऱ्यांना बुरशी, कीटकनाशकं आणि धातू यांच्या चाचण्या कराव्या लागतात. तुमच्या कपाटाला कुणी प्रयोगशाळा जोडलेली नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो इथे. हे सगळं बऱ्याचदा केलं जातं ते केमोथेरपी चालू असलेल्या आईसाठी किंवा वडिलांसाठी. म्हणजे ज्यांच्या पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या आहेत, त्यांच्यासाठी. अॅस्परजिलस ही बुरशी तुमच्या-माझ्या फुप्फुसात गेली तर सहसा काही होत नाही. अशा रुग्णाच्या फुप्फुसात ती घर करते, आणि तो संसर्ग जीव घेऊ शकतो. बुरशी लागलेला गांजा ओढून असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रेमाने केलेल्या गोष्टीचा असा शेवट होऊ नये.

मग त्या दुखण्याचं काय?

कॅन्सरच्या वेदनांनी तळमळणाऱ्या माणसाच्या घरच्यांना नुसतं ‘गांजा नको’ सांगून पाठवणं मला पटत नाही. त्यांना दुसरं काय, ते सांगायला हवं. आणि दुसरं आहे.

मॉर्फिनच्या गोळ्या. हे नाव ऐकताच लोक दचकतात. ‘म्हणजे शेवट आला का?’ असं विचारतात. तसं नाही. कॅन्सरच्या तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जगभर मान्य झालेलं, मोजून देता येणारं आणि स्वस्त औषध आहे. वेदनेसाठी योग्य डोसमध्ये दिलं तर रुग्ण झोपतो, जेवतो, नातवंडांशी बोलतो. १९८५ च्या त्याच कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, ती मॉर्फिनसारखी आवश्यक वेदनाशामकं रुग्णांपर्यंत पोचणं सोपं व्हावं म्हणूनच. तरी आजही कितीतरी डॉक्टर ते लिहायला कचरतात, याची मला चीड येते. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शाखा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना ही सेवा विनामूल्य देत आलं आहे. तुमच्या डॉक्टरांना ‘पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवा’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. त्याचा अर्थ उपचार सोडणं असा नाही, कॅन्सरचे उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते. केमोच्या उलट्यांवरही आज उत्तम औषधं आहेत. पहिल्या औषधाने थांबल्या नाहीत, तर तसं सांगा, बदलून मिळतात.

गांजातून निघालेली औषधं खोटी आहेत, असं मी म्हणत नाही. शुद्ध सीबीडीचं द्रावण लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर उपयोगी ठरलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गंमत म्हणजे १८३९ साली कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात ओ’शॉनेसी या डॉक्टरने एका तान्ह्या मुलीच्या झटक्यांवर गांजाचा अर्क वापरल्याचं लिहून ठेवलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर तोंडात फवारायचं औषध काही देशांत मिळतं. पण ही सगळी औषधं चाचण्या होऊन, मोजून, बाटलीवर प्रमाण लिहून आलेली आहेत. कॅन्सर बरा होतो, डायबेटिस जातो, असे जे दावे फिरतात त्यांना माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नाही.

आपल्याकडे आयुर्वेदिक परवान्याखाली ‘विजया’ नावाने तेलं आणि गोळ्या मिळतात. त्या कायद्याने वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायच्या आहेत, ऑनलाइन दोन प्रश्नांची उत्तरं देऊन नाही. घेत असाल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून लपवू नका. सीबीडी यकृतात इतर औषधांचा मार्ग अडवतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिट्ससाठी क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी वाढते. आणि छातीचं दुखणं, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी टीएचसीपासून दूरच राहावं. नाडी एकदम वाढते. हार्ट अॅटॅक आलेल्या रुग्णांच्या २००१ सालच्या एका अभ्यासात, गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात अॅटॅकची शक्यता सुमारे पाचपट आढळली होती.

गुडघ्यांचं दुखणं असलेल्या काकांसाठी एकच वाक्य: वजन, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि फिजिओथेरपी. हे सांगितलं की सगळ्यांचा चेहरा उतरतो, मला ठाऊक आहे.

मुलाच्या खोलीत रोप सापडलं तर

आरडाओरडा करू नका. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. रोपाचं काय करायचं ते वकिलाला विचारा, आणि तेही लवकर. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ते तसंच ठेवलं, तर ते तुमचंही होतं.

मुलाशी बोलताना ‘का केलंस’पेक्षा ‘किती वेळा घेतोस’ हे विचारणं जास्त उपयोगी. आठवड्यातून किती, सकाळी उठल्या उठल्या लागतो का, न घेता झोप येते का. बऱ्याच मुलांच्या बाबतीत गांजा हा खाली दडलेल्या दुसऱ्या गोष्टीवरचा घरगुती इलाज असतो. झोप नाही, परीक्षेची भीती आहे, नैराश्य आहे. ते तपासल्याशिवाय नुसतं रोप उपटून काही साधत नाही. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केला तर पहिला आठवडा चिडचिड, बेचैनी, भूक मरणं, झोप न येणं, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो. दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा ओसरतो. त्या दिवसांत ‘बघ, कसा वागतोय’ असं म्हणण्याऐवजी जवळ बसा.

लोक मला माझ्याही पोलिसांची भीती असल्यासारखं बोलतात. उपचारासाठी आलेल्या रुग्णाने सांगितलेली गोष्ट डॉक्टर गावभर करत नाही. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. लागवडीला मात्र ती सूट नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी १४४१६ वर टेलिमानस आहे. मुलगा एकटाच हसतो, कुणीतरी बोलतंय म्हणतो, घरच्यांवर संशय घेतो, असं दिसलं तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

परदेशात, कायदेशीर ठिकाणी मुलांकडे राहणाऱ्या आजी-आजोबांना एक विनंती. त्या घरात गांजाच्या गोळ्या-बिस्किटं असतील तर ती कुलपात आहेत ना, ते बघा. लहान मुलाला ती खाऊच वाटते. खाल्लेल्या गांजाचा परिणाम अर्ध्या ते दोन तासांनी सुरू होतो, त्यामुळे ‘काही झालं नाही’ म्हणून मोठी माणसंही दुसरा तुकडा घेतात आणि मग रात्र हॉस्पिटलात जाते. होळीच्या भांगेचं तेच. नातवंड सुस्त झालं, उठवता येत नाही, तर काय खाल्लं ते न लाजता सांगून लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि कुणाचंही कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल, अगदी हर्नियाचं का असेना, भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा गांजा घेत असल्यास खरं सांगा. रोज घेणाऱ्याला भुलीचं औषध जास्त लागू शकतं, ऑपरेशननंतर वेदना जास्त होऊ शकतात आणि त्याच दिवशी ओढलेला असेल तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. आई-वडील समोर असल्यामुळे सांगता येत नसेल, तर ‘मला तुमच्याशी एकट्याने बोलायचंय’ एवढं म्हणा. आम्ही त्यांना बाहेर थांबायला सांगतो.